पडद्यावरचे अरण्य : झाडीपट्टीचे नेपथ्य आणि विद्यापीठातील अभ्यास

नागभीडच्या आसपासच्या गावांत दिवाळीनंतर धानाची कापणी होते, बांध्या मोकळ्या होतात आणि गावची मंडळी कुदळ-फावडे घेऊन एखाद्या बांधीत खोदायला लागतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, शेततळ्याचे काम निघाले आहे. प्रत्यक्षात नाटकाची तयारी चाललेली असते. जमीन मंचाच्या बाजूने खोल आणि मागे उथळ अशी उतरती खोदायची, निघालेली माती पुढे टाकून मंचाचा ओटा उंचावायचा, उतारावर तणस पसरायची, भोवती कनात लावायची. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला पहिल्या रांगेतल्या फेट्यावरून नटाचे पाय दिसले पाहिजेत, एवढा एकच हिशोब त्यामागे असतो. वास्तुशास्त्रात याला दृष्टिरेषांचा विचार म्हणतात. आमच्याकडे त्याला नाव नाही. गावात ज्याने मागच्या वर्षी खोदले, तोच यंदाही उभा राहून सांगतो, 'आणखी एक वीत खाली घ्या.'

या लेखाचे निमित्त एका मुलाचे आहे. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या आणि नाटकाचे पडदे रंगवतात. मुलगा बारावीनंतर पदवीपर्यंत पोचला, चित्र काढण्याचा हात वडिलांकडून आलेला, आणि नेपथ्याचे रीतसर शिक्षण घ्यावे म्हणून एका मोठ्या शहरातल्या संस्थेत मुलाखतीला गेला. पूर्वी इथून नागपूरला नॅरोगेजची छोटी गाडी जायची. रुंदीकरणासाठी ती २०१९ साली बंद झाली. तेव्हा हा बसने गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "काकाजी, त्याइनं विचारलं, आजपर्यंत कोनतं नेपथ्य पाहिलं. मी आपल्या पडद्याचं सांगतलो. त म्हनले, ते नेपथ्य नोहे, ते पेंटिंग आहे."

संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा एका संस्थेचा दोष नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी दिलेले उत्तर गेली नव्वद वर्षे मराठी नाट्यविचारात रुळलेले आहे. ते उत्तर बरोबर आहे का, आणि असल्यास किती, हे तपासावे एवढाच या टिपणाचा हेतू आहे. मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी नाही. पुस्तके मिळतील तशी वाचली, आणि मोजपट्टी घेऊन या भागातले मंच पाहत फिरलो. तेव्हा हे लिखाण बाहेरच्या माणसाचे आहे, हे गृहीत धरूनच वाचावे.

१

सुरुवात शब्दापासून करू. 'नेपथ्य' या शब्दाचा आज आपण घेतो तो अर्थ, म्हणजे मंचावरची स्थलरचना, हा बराच अलीकडचा. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची रंगभूषेची जागा आणि तिथे चढवला जाणारा साज. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी सूचना येते, तिचा अर्थ 'पडद्याआडून'. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाच्या प्रकरणात नेपथ्याचे चार भाग केलेले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. यातला 'पुस्त' हा आजच्या नेपथ्याच्या जवळचा. त्याचेही तीन प्रकार. चटई, कापड, चामडे जोडून आकार उभा करायचा तो संधिम. यंत्राच्या युक्तीने हलवायचा तो व्याजिम. गुंडाळून, वेढून करायचा तो वेष्टिम. पर्वत, रथ, विमान, ढाल, ध्वज हे सगळे या मार्गाने करावे, असे भरत सांगतो.

या यादीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तिथली सामग्री बुरडाच्या आणि शिंप्याच्या घरातली आहे. दुसरी, भरताला स्थळ 'दाखवायची' फारशी गरज वाटत नाही. त्यासाठी त्याने कक्ष्याविभाग ही वेगळीच सोय केली आहे. रंगपीठाचे भाग कल्पायचे, एका भागातून दुसऱ्या भागात पात्र चालत गेले की ते घरातून बागेत किंवा नगरातून वनात गेले असे प्रेक्षकाने मानायचे. वन नटाच्या चालण्यात आणि शब्दांत असते. आमच्या दंडारीत आणि खडी गंमतीत आजही हेच चालते. त्यांना मंच लागत नाही, गावचा चौक पुरतो. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या भागातल्या बोलीला आणि लोककलांना अभ्यासाचा विषय म्हणून उभे केले. त्यामुळे निदान दंडारीविषयी बोलताना आता कुणाला संकोच वाटत नाही. पडद्याच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. लोककला म्हणावी तर तो पुरेसा जुना नाही, आणि आधुनिक म्हणावा तर तो पुरेसा नवा नाही.

२

पडदा आला तो कंपनी नाटकांबरोबर. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा मंचावर रंगवलेल्या देखाव्यांची परंपरा नव्हती. पारशी नाटक मंडळ्यांनी मुंबईत युरोपीय पद्धतीचे, खोलीचा भास निर्माण करणारे पडदे रूढ केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या चार-पाच दशकांत पडदा हे मराठी नाटक मंडळीच्या वैभवाचे माप झाले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ असलेले कलावंत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. पुढे १९१६ मध्ये आनंदराव गेले आणि १९२० साली बाबूरावांनी 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. मराठी सिनेमाचा कलादिग्दर्शक असा नाटकाच्या पडद्यामागून आला, ही गोष्ट आपण सिनेमाच्या इतिहासात सांगतो आणि नाटकाच्या इतिहासात विसरतो. ललितकलादर्श मंडळीसाठी काम करणारे पु. श्री. काळे हेही याच काळातले मोठे नाव. चित्रकार म्हणून मान आणि मंडळीत मानाचे स्थान, दोन्ही त्यांना मिळाले.

मग १ जुलै १९३३ हा दिवस येतो. 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. ब्यर्नसन या नॉर्वेच्या लेखकाच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिले होते. गुंडाळी पडद्यांच्या जागी भिंती, दारे, खिडक्या असलेली खोली उभी राहिली. मराठी नाटकातल्या वास्तववादाचा आरंभ म्हणून ही तारीख पाठ्यपुस्तकांत येते आणि ते योग्यच आहे. खोलीतल्या माणसांचे नाटक खोलीत व्हायला हवे होते. पण त्या तारखेने एक गैरसमजही रूढ केला. तो असा की, पडदा ही नेपथ्याची बाल्यावस्था आणि 'बॉक्स सेट' हे तिचे वयात येणे. यापुढचा इतिहास मग दामू केंकरे, रघुवीर तळाशीलकर, प्रदीप मुळ्ये अशा नेपथ्यकारांच्या कामाचा होतो, तो मुंबई-पुण्याच्या बंदिस्त नाट्यगृहांत घडतो. पडदे कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. ते कुठेही गेले नाहीत. ते वडशाला आले.

३

वडसा, म्हणजे देसाईगंज, नागभीडहून रेल्वेने ब्रह्मपुरी ओलांडली की येते. झाडीपट्टी रंगभूमीची ही पेठ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावांसाठी इथल्या नाटक कंपन्यांचे प्रयोग ठरतात. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत, कधी त्याही पुढे चालतो. गावची मंडई किंवा शंकरपट, आणि रात्री नाटक, ही जोडी जुनी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि २०२३ च्या निकालाने त्यांना पुन्हा मान्यता मिळाली. मधली काही वर्षे पट बंद होते, पण नाटक थांबले नाही. ज्या गावात नाटक असते तिथे घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जमतात. या रंगभूमीवर आयुष्य काढलेले गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पहिल्यांदा बाहेरच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीचा पत्ता नीट लिहावा लागला.

हा नट ज्या पडद्यासमोर उभा राहतो, त्या पडद्याकडे आता पाहू.

मी पाहिलेल्या मंचांचे तोंड साधारण तीस फुटांच्या आसपास असते. खोली त्याहून कमी. पडदे बांबूवर गुंडाळलेले, दोरी सोडली की खाली उतरतात, ओढली की वर जातात. एकामागे एक असे ते काही अंतर सोडून टांगतात. पुढच्या पडद्यावर बहुधा रस्ता असतो. त्याच्या मागे जंगल, देऊळ, झोपडी. सर्वांत मागे वाडा, महाल किंवा दिवाणखाना. हा क्रम सोयीने ठरलेला नाही. रस्त्याच्या पडद्यासमोर चार फुटांच्या पट्टीत विनोदी प्रवेश चालू असतो, तेव्हा त्याच पडद्यामागे दिवाणखान्याचा सोफा, टेबल आणि देव्हारा मांडला जातो. विनोदी प्रवेश संपला की पडदा वर जातो आणि पुढचा प्रवेश तयार असतो. रात्रभर चालणारे नाटक, त्यात लावण्या, त्यात गाणी, आणि मध्ये अंधार करून सामान हलवायला एक मिनिटही नाही. कंपनी नाटकाने बसवलेली उथळ-खोल प्रवेशांची ही वीण आजही इथे जशीच्या तशी वापरात आहे. लेखकसुद्धा त्या विणीप्रमाणेच लिहितो. दोन दिवाणखान्यांच्या मध्ये रस्ता घातला नाही तर त्याचे नाटक उभेच राहणार नाही. म्हणजे इथे पडदा नाटकाची मागची बाजू नसून नाटकाचा सांगाडा आहे. नेपथ्य संहितेच्या आतपर्यंत पोचले आहे.

यात आणखी एक अदृश्य आराखडा असतो, तो ध्वनिक्षेपकांचा. मंचाच्या पुढच्या भागावर वरून माइक लटकवलेले असतात. नट मागे कुठेही असो, महत्त्वाचे वाक्य आले की तो माइकखाली येतो. प्रॉम्प्टर विंगेत, वादक मंचासमोर एका बाजूला. तालीम कमी झालेली असते, म्हणून नट प्रॉम्प्टरच्या आवाजाच्या टप्प्यातच वावरतो. भरताने नाट्यगृहाचे मध्यम माप चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे सांगितले आणि याहून मोठे करू नये, शब्द नीट ऐकू जात नाहीत आणि मुखावरचे भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले. आमच्या बांधीत प्रेक्षक त्या मापाच्या कितीतरी बाहेर बसतात. आवाजाची अडचण माइकने सोडवली आणि दिसण्याची अडचण खोदकामाने. चेहऱ्यावरच्या बारीक भावाची अडचण सुटली नाही, म्हणून अभिनय मोठा झाला. याला शहरातला समीक्षक भडकपणा म्हणतो. प्रेक्षक किती लांब बसला आहे, हे त्याने आधी मोजावे.

४

युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडद्याविरुद्ध जे बंड झाले, त्याचे तर्कशुद्ध म्हणणे अडोल्फ आपिया या स्विस रंगकर्मीने मांडले. नट हे तीन मितींचे जिवंत शरीर आहे. त्याच्या मागचे झाड दोन मितींचे आहे आणि त्याची सावली चित्रकाराने रंगवलेली आहे. खरा प्रकाश खऱ्या शरीरावर पडला की खोटी सावली उघडी पडते. म्हणून मंचावर पायऱ्या, चौथरे आणि प्रकाश असावा, चित्र असू नये. एडवर्ड गॉर्डन क्रेग यानेही वेगळ्या वाटेने हेच सांगितले. नंतर प्रागच्या योसेफ स्वोबोदाने प्रकाश, यंत्र आणि प्रक्षेपण यांच्या साहाय्याने हा विचार कितीतरी पुढे नेला. विद्यापीठातल्या नेपथ्याच्या अभ्यासक्रमाचा पाया हाच आहे, आणि तो भक्कम आहे.

पण आपियाची हरकत जिथे नाटक 'हे अरण्यच आहे' असा दावा करते तिथे लागू होते. झाडीपट्टीचा नट अरण्यात नसतो. तो अरण्याच्या चित्रासमोर उभा राहून प्रेक्षकांशी बोलत असतो. समोरून येणाऱ्या झगझगीत प्रकाशात नट आणि पडदा एकाच सपाटीवर येतात. इथे पडदा प्रकरणाच्या मथळ्याचे काम करतो : 'आता जंगल', 'आता वाडा'. मथळ्याला कुणी खरे-खोटे विचारत नाही. कक्ष्याविभागात पात्राच्या चालण्याने जे होत होते, ते इथे दोरी सोडण्याने होते.

तेव्हा मुलाखतीतल्या उत्तराचा पहिला भाग चुकीचा ठरतो. पडदा हे नेपथ्यच आहे, कारण तो प्रवेशांचा क्रम, नटाची जागा, लेखनाची बांधणी आणि प्रेक्षकाचा करार या चारही गोष्टी ठरवतो. एका ट्रकमधून येऊन एका संध्याकाळीत उभे राहणारे, पहाटे उतरणारे आणि दुसऱ्या रात्री पन्नास मैलांवर पुन्हा उभे राहणारे नेपथ्य करायला सांगितले, तर कोणताही प्रशिक्षित नेपथ्यकार फिरून कापडाकडेच येईल.

५

पण इथेच थांबलो तर हा लेख आपल्या गावाची आरती होईल. उत्तराच्या दुसऱ्या भागात, 'ते पेंटिंग आहे' या शब्दांत, एक कडू सत्य आहे आणि ते आपण मान्य केले पाहिजे.

एकदा मी वेगवेगळ्या मंचांवरचे जंगलाचे पडदे ओळीने आठवून पाहिले, काहींची छायाचित्रेही जवळ होती. त्यांत उंच, टोकदार झाडे आहेत. मागे निळे डोंगर आहेत, त्यांवर कधी बर्फ आहे. मधून झरा वाहतो, झऱ्याकाठी हरणाची जोडी आहे, कधी राजहंस आहे. साग त्यांत नाही. मोह नाही, तेंदू नाही, बांबूचे रांजी नाही. ज्या मंडपाच्या कनातीबाहेर शंभर पावलांवर खरे जंगल सुरू होते, ज्यातून प्रेक्षक बॅटरीच्या उजेडात चालत आलेले असतात, त्या मंडपातले जंगल मात्र कुठल्यातरी दुसऱ्याच देशाचे असते. या प्रेक्षकाला मार्चमध्ये पान गळालेला मोह कसा दिसतो हे माहीत आहे, कारण पहाटे तो त्याच्याखाली फुले वेचतो. वाघ कोणत्या वाटेने येतो हे त्याला माहीत आहे, कारण ते माहीत असण्यावर त्याचा जीव अवलंबून आहे. त्याच्या नाटकातल्या जंगलात मात्र हे ज्ञान कुठेच नाही.

हे परदेशी अरण्य आले कुठून, याचा माग लावणे अवघड नाही. पारशी मंडळ्यांचे पडदे, त्यावरून मराठी मंडळ्यांचे पडदे, १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याच्या शिळाछाप चित्रांतली पार्श्वभूमी, नंतर कॅलेंडरे. प्रत्येक चित्रकाराने आधीच्या पडद्यावरून पडदा काढला. नकलेची नक्कल होत गेली आणि मूळ झाड पाहायला कुणी बाहेर गेला नाही. विषयांच्या बाबतीत झाडीपट्टीचे नाटक शेतकऱ्याची आत्महत्या, दारू, हुंडा, नक्षलवाद इथपर्यंत येऊन पोचले. पडदा जिथल्या तिथे राहिला. सामाजिक नाटकातल्या गरीब शेतकऱ्याची झोपडीही अशी स्वच्छ आणि सुबक असते की तिच्यात कर्ज शिरेल कुठून, असा प्रश्न पडतो.

आता तर हा पडदाही जाऊ लागला आहे. त्याच्या जागी फ्लेक्स येतो. जुना पडदा मांजरपाटाचा असे. खडू आणि सरस यांचा अस्तर, त्यावर पुडीचे रंग. असा पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, चमकत नाही, आणि वाऱ्याने किंचित हलला तरी डोळ्यांना खुपत नाही. फ्लेक्स चमकतो. समोरचा दिवा त्यात गोळा होऊन दिसतो, गुंडाळून नेला की वळ्या पडतात. पण तो एका दिवसात छापून मिळतो आणि स्वस्त पडतो. त्यावरचा बंगला नेटवरून उतरवलेला असतो. त्याला वऱ्हांड्याऐवजी पोहण्याचा तलाव असतो. पडदा रंगवणाऱ्याने निदान चुकीचे झाड स्वतःच्या हाताने काढले होते. फ्लेक्सवर चूकसुद्धा आपली नाही.

६

विद्यापीठ काय शिकवते, हे इथे पाहणे आवश्यक आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झाले. इब्राहिम अल्काझी १९६२ पासून पंधरा वर्षे त्याचे संचालक होते आणि त्यांनी १९६३ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत 'अंधायुग' केले. नेपथ्य म्हणजे काही 'बांधणे' नव्हे, योग्य जागा ओळखणे हेही नेपथ्यच, हे त्यातून एका पिढीला समजले. त्याच विद्यालयात शिकवलेल्या गोवर्धन पांचाल यांनी केरळच्या कूथंबलमांची मोजमापे घेऊन त्यावर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रात औरंगाबादचा नाट्यशास्त्र विभाग सत्तरच्या दशकात, पुण्याचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये उभी राहिली. अशा संस्थांत नेपथ्याचा विद्यार्थी संहिता वाचून तिच्यातली स्थळे, वेळ, हालचाल काढायला शिकतो. तळआराखडा काढतो, दृष्टिरेषा तपासतो, लहान प्रमाणात प्रतिकृती करतो, रंग आणि प्रकाश यांचा मेळ पाहतो, खर्चाचा अंदाज देतो. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पहिली : हे नाटक, आणि फक्त हे नाटक, कोणती जागा मागते हा प्रश्न विचारण्याची सवय. झाडीपट्टीत नेमकी हीच सवय नाही. प्रत्येक नाटकाला तोच रस्ता आणि तोच वाडा.

याउलट, झाडीपट्टीला जे येते ते या अभ्यासक्रमात क्वचितच असते. विद्यार्थ्याची प्रतिकृती बंद नाट्यगृहाच्या चौकटीसाठी असते. माती, उतार, तणस, दव, ट्रक, दोरी यांचा हिशोब तिथे होत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हौशी कलावंताला आजवर नेपथ्याची जी काही शाळा मिळाली, ती १९५४ पासून चालू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या चंद्रपूर केंद्रावर. तिथे नेपथ्याला बक्षीस असते, परीक्षक असतात, त्यामुळे शहरी नेपथ्याचे वारे इथे पोचते. पण स्पर्धेत चौथरे आणि काळे पडदे वापरणारा तोच कलावंत डिसेंबरमध्ये वडशाच्या कंपनीबरोबर निघाला की बर्फाच्या डोंगरासमोर उभा राहतो. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे त्याला वाटत नाही, कारण तसे त्याला कुणी सांगितलेले नाही.

संबंध जोडता येतो, याचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण १९७२ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात आले. 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची रांगच पडदा झाली. ती उघडते, मिटते, आड येते, भिंत होते. जब्बार पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकनाट्याच्या उभे राहण्याच्या रीतीतून नेपथ्य काढले आणि त्यासाठी सुताराची गरज लागली नाही. तेव्हा परंपरेतून नवे नेपथ्य निघू शकते का, हा प्रश्न जुना झाला. आमच्या पडद्यातून ते निघेल का, हा खरा प्रश्न आहे.

७

मला तीन गोष्टी करण्यासारख्या वाटतात. तिन्ही विद्यापीठाने करायच्या आहेत आणि तिन्हींसाठी मोठी इमारत लागत नाही.

पहिली, मोजणी. पांचालांनी कूथंबलमांचे केले, ते बांधीतल्या मंचांचे व्हावे. खड्ड्याचा उतार, मंचाची उंची, पडद्यांमधले अंतर, माइकांच्या जागा, प्रवेशांचा क्रम. कूथंबलम दगड-लाकडाचे आहे, ते वाट पाहू शकते. आमचे नाट्यगृह पुढच्या खरिपात नांगरले जाते.

दुसरी, पडदे रंगवणाऱ्यांना शिक्षक म्हणून बोलावणे. सरसाचे प्रमाण किती, मोठ्या कापडावर हात कसा फिरवायचा, चाळीस फुटांवरून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे ज्यांना येते ती माणसे म्हातारी होत आहेत. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे चित्रकार त्याच्या दारात राहतात, त्यांना दिल्लीहून आणावे लागणार नाही.

तिसरी, सामग्री. भरताचे 'संधिम' ज्या चटई-बांबूचे, त्याचे माहेर हे दोन जिल्हे आहेत. मेंढा (लेखा) या गावाने २०११ मध्ये बांबूवरचा आपला हक्क मिळवला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकलेला कारागीर खुर्च्या आणि दिवे करतो. हलकी, घडीची, ट्रकमध्ये मावणारी बांबूची चौकट तो नाटकासाठी का करू नये? पडद्याच्या पुढे अशी एकच विणलेली भिंत उभी राहिली, तरी आपियाची तिसरी मिती झाडीपट्टीत येईल, आणि ती उसनी नसेल.

यावर एक आक्षेप मला कंपनीवाल्यांकडून ऐकू आला आहे. प्रेक्षकाला महाल पाहायचा असतो, त्याला त्याचेच जंगल आणि त्याचीच कुडाची भिंत दाखवली तर तो तिकीट का काढेल? आक्षेप हलका नाही. वर्षभर चिखलात राबणाऱ्याने एका रात्रीसाठी बर्फाचा डोंगर मागितला तर त्याला नाही म्हणणारे आपण कोण? पण मग माझा प्रतिप्रश्न असा की, त्याला निवड कधी दिली गेली? झाडीपट्टीच्या नाटकात आत्महत्येचा प्रवेश येतो तेव्हा हाच प्रेक्षक रडतो, उठून जात नाही. आपले दुःख तो पाहू शकतो. आपले झाडही पाहू शकेल.

त्या मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचे ठरवले आहे. तोवर मी त्याला एक काम दिले : गावच्या खड्ड्याचा उभा छेद मापात काढून आण. त्याने काढला, आणि वडिलांना दाखवला. वडिलांनी मागची रांग पाहून सांगितले, उतार इथे चुकला, लहान लेकरं मागे बसत नाहीत, मागे उभी माणसं असतात. मुलाने छेद पुन्हा काढला. मुलाखतीत दाखवायला याहून चांगला कागद त्याच्याजवळ असणार नाही.

वडिलांना मी विचारले होते, जंगलाच्या पडद्यावर मोह का काढत नाही. ते हसले. म्हणाले, "पडद्यावर मोव्ह कोन काढते जी?" मग थोड्या वेळाने म्हणाले की, इतकी वर्षे झाडे रंगवली, पण मोहाची फांदी खोडातून कशी निघते ते हातात नाही, पाहून यावे लागेल.